शेजारधर्म आणि साडेतीन कोअर

वीज गेली की माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही, आधी गॅलरीत जातो. समोरच्या इमारतीतही अंधार दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. "सगळीकडचीच गेलीय," असं तो आत येऊन सांगतो, आणि ते जवळजवळ आनंदाने सांगतो. कारण सगळीकडची गेली म्हणजे फोन करायची जबाबदारीही सगळ्यांची झाली, म्हणजेच कुणाचीच राहिली नाही. पण समोर दिवे लखलखत असले, तिथली लिफ्ट निवांत वरखाली करत असली आणि आपल्या सोसायटीचा जनरेटर मात्र बॅटरी उतरल्यामुळे पत्र्याच्या छपराखाली गप्प बसून असला, तर थोड्याच वेळात कुणीतरी ते ठरलेलं वाक्य बोलतंच: "त्यांचा चालू आहे, आपला बंद आहे, मधे फक्त कंपाउंडची भिंत आहे. एक केबल टाकायला असं काय जातं?" या वाक्यातली शेवटची शंका अगदी रास्त आहे. केबल टाकायला खरोखरच फारसं काही जात नाही. भिंतीला एक भोक, थोडा पाइप आणि कशालाच नाही न म्हणणारा एक वायरमन एवढ्यावर काम भागतं. दोन इमारतींची वीज जोडणं इतकं सोपं आहे, हीच त्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे. माझं म्हणणं असं, की शेजारशेजारच्या इमारतींनी जनरेटर वाटून जरूर घ्यावा. पण त्या सगळ्या व्यवहारात केबलला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती दोन गोष्टी एका वेळी एकत्र येऊ न देणाऱ्या स्विचला. आणि आपल्या गृहनिर्माण संस्थांना पैसा एकवेळ जमवता येतो, पण 'एका वेळी एकच' हा नियम काही केल्या पचत नाही.

आधी वाटून घेण्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. पुण्या-ठाण्याकडे एकाच बिल्डरने एकाच प्लॉटवर बांधलेल्या आणि पुढे कुठल्या तरी जुन्या रागापायी दोन वेगळ्या संस्था म्हणून नोंदवलेल्या इमारती पुष्कळ. त्यांना आपण अलीकडची आणि पलीकडची म्हणू. समजा दोघींकडे ६२.५ केव्हीएचा एकेक जनरेटर आहे. पॉवर फॅक्टर ०.८ धरला की त्याचे ५० किलोवॅट होतात. इमारतीचा सामाईक भार म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. ट्यूबा जाऊन एलईडी आल्यापासून तो दहा-बारा किलोवॅटच्या वर क्वचितच जातो. मग एवढं मोठं धूड कशाला घेतलं? तर जुन्या पद्धतीची लिफ्टची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्या एका क्षणासाठी. बाकी सगळा वेळ ते इंजिन २० ते २५ टक्के भारावर रमतगमत चालतं. डिझेल इंजिनाला हा आराम मानवत नाही. ३० टक्क्यांच्या खाली फार वेळ चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी साचते आणि धुराड्यातून काळं तेलकट पाणी ठिबकायला लागतं. म्हणजे दोन्ही इमारती दोन यंत्रं विकत घेऊन, दोन्हींचे देखभालीचे करार करून, दोन्ही हळूहळू खराब करत असतात. तेच दोघींचा भार एका यंत्रावर टाकला की ४० ते ४५ टक्के होतो, इंजिन सुखाने चालतं आणि दुसरं विश्रांती घेतं. शिवाय एक गोष्ट विसरू नये. पलीकडच्या जनरेटरचा धूर आणि घरघर अलीकडच्या बेडरूममध्ये कुठलाही ठराव न करता पहिल्या दिवसापासून येतेच आहे. साउंडप्रूफ पेटीतल्या जनरेटरलाही एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाजाची मुभा आहे. दोन इमारतींमधली धुराची जोडणी केव्हाच पूर्ण झालेली आहे. विजेची तेवढी राहिली आहे.

आता केबलवाल्यांचं पहिलं म्हणणं. जनरेटरही नको, ते म्हणतात. एकीकडे महावितरणची वीज आहे आणि दुसरीकडे नाही, तर तीच थोडी इकडून तिकडे द्यावी. वाटीभर साखर देतो, तशी दोन युनिटं द्यायची. मुद्दा बिनतोड वाटतो, पण विद्युत कायदा, २००३ याला साखर आणि वीज यांतला फरक नीट माहीत आहे. त्याचं कलम १२६ सांगतं, की ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर झाला त्याखेरीज दुसऱ्या जागेला वीज वापरली तर तो अनधिकृत वापर. त्याची आकारणी दुप्पट दराने, आणि हा शेजारधर्म नेमका किती दिवस चालला ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. म्हणजे एका रात्रीपुरती उसनी दिलेली वीज कागदावर वर्षभर वाहू शकते. आणि ही तरतूद निव्वळ आडमुठेपणाची नाही. मंजूर भार, फ्यूज, केबलची जाडी, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर हे सगळं एका इमारतीच्या हिशेबाने बसवलेलं असतं. दुसरी इमारत गुपचूप त्यावर येऊन बसली तर त्या हिशेबाला काही अर्थ राहत नाही. जनरेटरच्या बाबतीत तोच कायदा बराच मोकळा आहे. स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणाऱ्यांच्या व्याख्येत त्याने 'सहकारी संस्था' हे शब्द चक्क लिहून ठेवले आहेत, आपल्या सभासदांसाठी वीज तयार करणारी संस्था म्हणून. मात्र शेजारच्या संस्थेला वीज विकायला निघालात तर परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून दोन संस्था असतील तर जनरेटर दोघींच्या मालकीचा करून, करार लिहून, विद्युत निरीक्षकाला विचारून मगच तार ओढावी. हे ऐकलं की केबलवाल्यांचा उत्साह निम्मा होतो, कारण त्यांच्या डोक्यात खर्च फक्त केबलचा होता.

उरलेल्या निम्म्या उत्साहाला उत्तर म्हणजे चेंजओव्हर. इमारतीला एका वेळी दोनपैकी एकाच ठिकाणाहून वीज घ्यायला लावणारं हे यंत्र: एकतर बाहेरची लाइन, नाहीतर जनरेटर. मधली जागा म्हणजे दोन्ही बंद. दोन्ही चालू, अशी जागाच त्यात ठेवलेली नसते. हातानं फिरवायचा मिळतो, आपोआप फिरणारा मिळतो, पण तत्त्व तेच. तो नसला किंवा वायरमनने 'तात्पुरतं' म्हणून त्याला वळसा घालून जोडणी केली, तर जनरेटरची वीज इमारतीच्या दिव्यांपाशी न थांबता मीटरमधून उलटी बाहेर निघते आणि डीपीपर्यंत जाते. ट्रान्सफॉर्मरला बिचाऱ्याला उलटसुलट कळत नाही. ११,००० व्होल्टचे ४३३ करायचं काम तो जितक्या निष्ठेने करतो, तितक्याच निष्ठेने ४१५चे पुन्हा अकरा हजारांच्या आसपास करून देतो. आणि ही वीज ज्या तारेत शिरते, ती बहुधा नेमकी तीच असते जी दुरुस्त करायला लाइनमन खांबावर चढलेला आहे. कारण ती नादुरुस्त होती म्हणूनच तर जनरेटर चालू केला! यावर आक्षेप येतो, की असं झालं तर आजूबाजूच्या साऱ्या वस्तीचा भार अंगावर येऊन जनरेटर लगेच गुदमरेल आणि बंद पडेल. बहुतेक वेळा तसंच होतं. पण तो तुकडा बाकीच्या लाइनपासून आधीच तोडलेला असेल तर वस्तीचा भार येतच नाही, आणि जनरेटर खुशाल चालत राहतो. लाइनमनने लाइन तपासून, तिला अर्थिंग लावूनच हात घालायचा हा नियम आहे, तो यासाठीच. पण दुसऱ्याच्या सावधपणावर आपला बेसावधपणा चालवणं हा काही शेजारधर्म नव्हे. या बाबतीत गच्चीवरचं सोलर आपल्यापेक्षा सभ्य आहे. बाहेरची वीज गेली की लाइनला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर टळटळीत उन्हातही स्वतःहून बंद होतो. "एवढं ऊन आहे आणि हे बंद कसं?" म्हणून सभासद चिडतात, सोलरवाल्याला फोन करतात, पैसे परत मागायची भाषा करतात. त्या यंत्राला खांबावरच्या अनोळखी माणसाची आठवण आहे, एवढंच त्याचं चुकलं.

चेंजओव्हर मान्य झाला की पुढची घासाघीस तीन पोलचा घ्यायचा की चार पोलचा, यावर. इथे महाराष्ट्राचा एक जुना जिव्हाळ्याचा आकडा मदतीला येतो. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीनच. तेव्हा भिंतीतून जाणारी जाड ॲल्युमिनियमची केबलही साडेतीन कोअरची निघाली तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. तीन फेजच्या तीन पूर्ण तारा आणि न्यूट्रलची अर्ध्या जाडीची. फेजमध्ये दम असतो, न्यूट्रलमध्ये काही नसतं, अशी एक लोकप्रिय समजूत आहे, आणि तिला धरूनच खजिनदार विचारतात, की तीन फेज तोडले म्हणजे झालं, चौथ्या पोलचे पैसे कशाला? वस्तुतः इमारतीतल्या सगळ्या भांडणांचं मूळ त्या अर्ध्यात असतं. तीन फेजवरचा भार कधीच सारखा नसतो, कारण कुणाच्या घरात कोण कधी गिझर लावेल हे सांगता येत नाही. हा सगळा असमतोल न्यूट्रलमधून परत जातो. त्यात एलईडी, संगणक आणि चार्जर यांच्या सर्किटांमुळे निर्माण होणारे तिसऱ्या हार्मोनिकचे करंट तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिसळतात आणि वाढतात. म्हणून अशा जोडणीला चांगले अभियंते साडेतीनऐवजी पूर्ण चार कोअरची केबल मागतात. तीन पोलचा चेंजओव्हर बसवला तर दोन्ही इमारतींचे न्यूट्रल कायमचे एकमेकांत गुंतून राहतात. मग अलीकडचा करंट अर्धा आपल्या वाटेने आणि अर्धा पलीकडच्या वाटेने परत जातो. बिघाडाचा करंटही कुठून कुठे गेला ते संरक्षक रिलेला उमगत नाही, आणि 'बंद' केलेल्या पॅनेलवर काम करणाऱ्याला न्यूट्रल मात्र जिवंत सापडतो. घराघरांत हाच गोंधळ छोट्या प्रमाणात असतो. जिथे घरातला एक दिवा नि एक पंखाही जनरेटरवर असतो, तिथे त्यांचा न्यूट्रल वायरमनने घरच्या न्यूट्रलशी एकत्र केला, की करंटची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी वरचेवर पडतो. त्यावर सर्वमान्य उपाय म्हणजे आरसीसीबी काढून टाकणे! आणि न्यूट्रल कुठे तुटलाच, तर २३०वर चालणाऱ्या टीव्हीला ४००च्या आसपास व्होल्टेज मिळून तो एकदाच, पण फार तेजस्वीपणे चालतो. चौथा पोल म्हणजे हौस नाही. दोन घरांचे संबंध नीट ठेवायचा तेवढा एकच मार्ग आहे.

आता प्रत्येक सभेत एक तरी निवृत्त अभियंता असतो, आणि त्याचा आक्षेप सगळ्यात दमदार असतो. तो म्हणतो, एकतर हा नाहीतर तो, असं का? दोन्ही जनरेटर समांतर चालवा. पन्नास आणि पन्नास शंभर किलोवॅट. मॉलमध्ये चालतात, हॉस्पिटलांत चालतात, आयटी पार्कमध्ये चालतात. तो म्हणतो ते खरं आहे. त्यासाठी दोन्ही यंत्रांचं व्होल्टेज जुळावं लागतं, दोन्हींची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवर यावी लागते (म्हणजे चार पोलचा ऑल्टरनेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरावा लागतो), फेजचा क्रम एक असावा लागतो आणि जोडण्याचा क्षणही नेमका साधावा लागतो. हे सगळं करणारं सिंक्रोनायझिंग पॅनेल बाजारात मिळतं. क्षण चुकला आणि दोन्ही लाटा नेमक्या उलट्या असताना जोडणी झाली, तर दुप्पट व्होल्टेजचा फरक एकदम समोर येतो आणि शाफ्ट-कपलिंगपर्यंत सगळं हादरतं. पण समजा क्षण साधला. तरी पुढे एक गंमत उरते. दोन्ही इंजिनांचे गव्हर्नर सारखे लावलेले नसतील, तर एक जोर लावतं आणि दुसरं हळूहळू जोर काढून घेतं. शेवटी अशी वेळ येते, की दुसरा जनरेटर वीज देत नाही, उलट पहिल्याची वीज घेऊन मोटरसारखा फिरत राहतो. बाहेरून बघाल तर तोही तितकाच घरघरतो, तितकाच थरथरतो, आवाजावरून काम करणारा कोण आणि खेचला जाणारा कोण हे सांगता येत नाही. डिझेल मात्र पहिल्याचं जातं. कार्यकारी समितीवर काम केलेल्यांना हा प्रकार परिचयाचा वाटेल. यंत्रांच्या बाबतीत निदान त्यावर रिव्हर्स पॉवर रिले नावाचा उपाय आहे, तो अशा सभासदाला काही सेकंदांत बाहेर काढतो. मॉलमध्ये हे जमतं कारण तिथे मालक एक आणि पॅनेलसमोर चोवीस तास शिकलेला माणूस. सोसायटीत मालक शंभर आणि पॅनेलसमोर वॉचमन, ज्याला आधीच गेट, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि कुरिअर सांभाळायचं आहे. उरलेल्या वेळात त्याने दोन ऑल्टरनेटर सिंक करावेत, ही अपेक्षा जरा जास्त होते.

यावर एक देशभक्तीचा आक्षेपही येतो: सगळा देश एका ग्रिडमध्ये जोडला गेला आणि तुम्हाला दोन इमारती जोडता येत नाहीत? या आक्षेपाला मान द्यायला हवा, कारण त्यातला शेवटचा टाका आपल्याच सोलापुरात पडला. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आलं. पण तोवर काय चालायचं ते पाहा. दक्षिण आणि पश्चिम यांच्यात वीज आधीही ये-जा करत होती, तीही आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून. भद्रावतीच्या १००० मेगावॅटच्या केंद्रात एका बाजूची एसी वीज डीसी करायची, आणि त्याच आवारात तिची पुन्हा एसी करून दुसऱ्या बाजूला द्यायची. दोन्ही ग्रिडनी एकमेकांकडे थेट बघायचंही नाही, पण देणंघेणं चोख. आणि या अंतर राखण्याचा फायदा जुलै २०१२मध्ये दिसला. ३० तारखेला उत्तरेचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन कोसळली, साठेक कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. दक्षिण शाबूत राहिली, कारण तिची जोडणी डीसीमधून होती. पलीकडचा गोंधळ तिच्यापर्यंत पोचलाच नाही. पुढे दीड वर्षाने ती जोडली गेली ती रिले, नियंत्रण केंद्रं आणि अहोरात्र फ्रीक्वेन्सीकडे डोळे लावून बसलेली माणसं यांच्या भरवशावर. म्हणजे देशाचा दाखला केबलवाल्यांच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने आहे. ज्यांनी उपखंड जोडला त्यांनी दोन बाजू जोडण्याइतकाच विचार त्या वेळेवर तोडण्याचा केला होता. सोसायटीच्या ठरावात तोडण्याचा उल्लेख फक्त पाणी आणि थकबाकीदार यांच्या संदर्भात असतो.

तेव्हा दोन इमारतींना शोभेल अशी रचना साधी आहे. दोन्ही जनरेटर ठेवा. प्रत्येक इमारतीला चार पोलचा चेंजओव्हर. भिंतीतून एकच टाय केबल, तिच्या दोन्ही टोकांना ब्रेकर, आणि कुठलाही एक जनरेटर दोघींचा भार घेऊ शकेल पण दोन्ही जनरेटर एकमेकांना कधीच भेटणार नाहीत असं इंटरलॉक. या इंटरलॉकचा सगळ्यात भरवशाचा प्रकार किल्लीचा आहे. स्विच दोन, दोन्हींना कुलपं, पण किल्ली एक. पहिला स्विच चालू असेतो किल्ली त्याच्यात अडकून राहते; तो बंद केला की ती सुटते, आणि मगच दुसरा चालू करता येतो. यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, सॉफ्टवेअर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. बिघडवणारा एकच प्राणी आहे, आणि तो म्हणजे नाक्यावरचा चावीवाला. अलीकडच्या सेक्रेटरींकडे किल्ली असली की पलीकडच्या चेअरमनना ती हवी असते. दोघांकडे आली की खजिनदारांना "ऐनवेळी असावी" म्हणून एक लागते. वॉचमनच्या टेबलावर एक तर हवीच. महिन्याभरात तीन डुप्लिकेट किल्ल्या तयार होतात, सगळ्यांचा मान राहतो, आणि हजारो रुपयांच्या इंटरलॉकचं एका दुपारी शोभेचं कुलूप होतं. आपल्याला किल्ली म्हणजे अधिकार वाटतो. इथे मात्र किल्ली एकच आहे, म्हणूनच ती सुरक्षित आहे. तिच्यात मानपान बघणं म्हणजे लाइनमनच्या जिवावर लोकशाही राबवणं होय. या एका वस्तूपुरती हुकूमशाही सभेने एकमताने मंजूर करावी.

पैशाचं फार लांबवत नाही, कारण तिथे वाद असतात पण अवघड काही नसतं. डिझेल सेट एका लिटरला साधारण तीन ते साडेतीन युनिटं देतो. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तरी युनिट पंचवीस-तीस रुपयांना पडलं. टाय केबलवर एक सबमीटर बसवा, डिझेलचा खर्च युनिटवर वाटा आणि देखभालीचा निम्मा-निम्मा करा. "आमचे मजले कमी, आमची लिफ्ट कमी चालते" या मुद्द्याला मीटर स्वतःच उत्तर देतो. आणि वाटून घेणं आपल्या स्वभावात नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याने २००६ साल आठवावं. भारनियमनाच्या त्या दिवसांत पुण्याने असं ठरवलं, की ज्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर आहेत त्यांनी ते चालवावेत, ग्रिडची तेवढी वीज शहरासाठी मोकळी करावी, आणि त्या महाग डिझेलचा वाढीव खर्च ग्राहकांनी प्रति युनिट थोडा जास्त दर देऊन सोसावा. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली आणि शहराचं भारनियमन टळलं. कुणी कुणाच्या आवारात केबल टाकली नाही. प्रत्येकाने आपलं गेट लावून घेऊन, आपल्या जागी बसून शेजाऱ्याला मदत केली. याहून पुणेरी सहकार दुसरा नसेल.

शेवटचे दोन आक्षेप. पहिला, की हल्ली वीज जातेच कुठे? १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी हा प्रश्न मुंबईला विचारता आला असता. त्या दिवशी लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि तीही अशा शहरात, जिथे असं काही झालं तर बाकीच्यांपासून वेगळं होऊन तगून राहायची यंत्रणा १९८०च्या दशकापासून होती. आपण क्वचित वापरतो ती वस्तू नेमकी लागेल तेव्हा चालत नाही, म्हणून तर जनरेटरची बॅटरी उतरते. दोन इमारती एकमेकींची रोजची नड झाल्या, तर निदान एकाची तरी बॅटरी कुणीतरी तपासेल. दुसरा आक्षेप आगीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. उंच इमारतीत फायर लिफ्ट आणि आगीचा पंप यांना पर्यायी वीज लागतेच, आणि तो मार्ग भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या मर्जीवर ठेवता येत नाही. म्हणून ते भार पहिल्या हक्काने आपल्याच जनरेटरवर ठेवावेत. शेजारचा आधार दुसरा. शिवाय जोडणी झाल्यावर एक गोष्ट बदलते ती कुणाच्या ध्यानात येत नाही. अग्निशमन दलाचा माणूस येऊन मेन स्विच पाडतो आणि इमारत मेली असं समजतो. पण पलीकडून आलेली केबल जिवंतच असते. म्हणून दोन्ही मीटर रूमच्या दारावर, मराठीत, लांबून वाचता येईल अशी पाटी हवी: येथे दोन ठिकाणांहून वीज येते, दोन्ही बंद करा. 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी आपण पाच ठिकाणी लावतो. त्यातली एक उतरवून जागा करता येईल.

आता एक विनंती. संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि नोटिशीच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हे शेवटचं कलम असतं. तोवर निम्मे सभासद घरी गेलेले असतात, उरलेल्यांचं लक्ष बटाटेवड्यांच्या टोपलीकडे असतं, आणि अशाच वेळी कुणीतरी उठून "एक केबल टाकायला काय जातं?" असं विचारून ठराव मंजूर करून घेतो. हा विषय तिथे येऊ देऊ नका. त्याला नोटिशीत स्वतःचा क्रमांक द्या, परवानाधारक कंत्राटदाराला सभेत समोर बसवा, शेजारच्या संस्थेच्या समितीलाही बोलवा. आणि कोटेशन मागवाल तेव्हा आधी चेंजओव्हरचं मागवा, केबलचं नंतर.